चौकटीची चाल

दीर्घकाळ चाललेली एखादी घडामोड काही क्षणांत डोळ्यांपुढे उभी करण्याची जी कला आज टाइमलॅप्स या नावाने सर्वतोमुखी झाली आहे, तिच्यावर जन्माबरोबरच एक कडक अट लादली गेली होती, आणि ती म्हणजे कॅमेऱ्याने जागचे हलता कामा नये. बऱ्याच अंतराअंतराने घेतलेली चित्रे पडद्यावर सेकंदाला सोळा किंवा चोवीस या वेगाने एकापाठोपाठ एक येऊ लागली की मधला सारा काळ नाहीसा होतो. परंतु त्या काळात कॅमेऱ्याला बसलेला लहानसा धक्का मात्र नाहीसा होत नाही, उलट तासाभरात कोणाच्या लक्षातही न आलेले केसभराचे सरकणे पडद्यावर हिसक्याच्या रूपाने प्रकट होते. काळ आवळावयाचा तर दृष्टी खिळवून ठेवावयाची, असा जणू तहनामाच या कलेच्या आरंभी झाला होता, आणि त्यातील एकेक कलम रद्द करून घेण्यात पुढील कारागिरांची सुमारे शंभर वर्षे खर्ची पडली.

वस्तुतः कॅमेरा हलविण्याची हौस चित्रपटाला उपजतच होती. ल्युमिएर बंधूंचा प्रतिनिधी अलेक्झांद्र प्रोमियो याने १८९६ साली व्हेनिसमध्ये चालत्या नौकेत कॅमेरा ठेवून कालव्याकाठचे प्रासाद टिपले, आणि दुसऱ्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट पॉल याने व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी मिरवणुकीसाठी कॅमेरा डावी-उजवीकडे वळविता येईल अशी फिरती बैठक तिपाईवर बसविली. नौका आपल्या गतीने जात होती, मिरवणूक आपल्या गतीने पुढे सरकत होती, आणि दोन्ही गती माणसाच्या हाताला व डोळ्याला जोखता येण्याजोग्या होत्या. टाइमलॅप्सच्या प्रांतात हाताचे हे शहाणपण सर्वस्वी निरुपयोगी ठरते, कारण तासाला काही मिलिमीटर अशा वेगाने, न थकता आणि न चुकता, कोणतीही वस्तू सरकविणे मनुष्याच्या हाताला कधी साधलेले नाही. म्हणूनच चालता कॅमेरा आणि आवळलेला काळ ही दोन्ही अपत्ये जवळजवळ एकाच वेळी जन्मास येऊनही कित्येक दशके एकमेकांशी बोलली नाहीत.

आवळलेल्या काळाची पहिली मुशाफिरी वनस्पतिशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत झाली. लाइपझिग येथील विल्हेल्म फेफर याने १८९८ ते १९०० या काळात वनस्पतींच्या हालचाली चित्रफितीवर नोंदविल्या, आणि आपण जड म्हणून सोडून दिलेले झाड किती चंचल असते हे आपल्या विद्यार्थ्यांना दाखविले. प्रयोगशाळेबाहेरचा ठळक दाखला न्यूयॉर्कचा आहे. १९०१ साली तेथील ब्रॉडवेवरचे स्टार थिएटर पाडण्याचे काम निघाले, तेव्हा बायोग्राफ कंपनीच्या फ्रेडरिक आर्मिटेज याने समोरच्या इमारतीत कॅमेरा रोवून, दिवसाचे आठ तास, दर चार मिनिटांना एक चित्र, असा सुमारे तीस दिवसांचा बंदोबस्त केला. नाट्यगृह पडद्यावर मजल्यामजल्याने विरघळत जाते. आणि गंमत अशी की फीत उलटी चालवून तेच नाट्यगृह भराभर बांधून दाखविण्याची सोयही या चित्राच्या शीर्षकातच सुचविलेली होती. पण कॅमेरा जागेवर ठाम आहे. प्रेक्षकाने काय पाहावयाचे हे पहिल्या दिवशीच ठरले, आणि पुढचा महिनाभर त्यात फेरफार करण्याची मुभा कोणालाच राहिली नाही.

आपल्याकडे या विद्येचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे चित्रकला, छायाचित्रण इत्यादी विद्या हस्तगत केलेला हा गृहस्थ चित्रपटाच्या ध्यासाने १९१२ साली लंडनला गेला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र मिळविण्याची तजवीज करून आला, आणि 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्याच्या खटपटीत त्याने जो पुरावा लोकांपुढे मांडला तो कोणा राजाचा वा देवाचा नव्हता, तर कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा होता. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही फीत मिनिटापेक्षा थोडी अधिक लांबीची होती, आणि तिच्यासाठी कॅमेरा सुमारे महिनाभर त्या कुंडीसमोर उभा होता. बी फुटते, कोंब वर येतो, त्याचा वेल होतो. ही जादू पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. सावकाराच्या दृष्टीने तारण म्हणून वाटाण्याचा वेल फारसा भरवशाचा नव्हे. तरीही त्या एका मिनिटाने भारतीय चित्रपटाच्या जमाखर्चातील पहिली मोठी जमेची बाजू उभी केली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

त्या फितीमागचे कष्ट जरा हिशेबाने पाहण्याजोगे आहेत. हाताने फिरवावयाच्या कॅमेऱ्याचा त्या काळचा वेग सेकंदाला साधारण सोळा फ्रेमचा धरला, तर मिनिटभराच्या फितीला ९६० फ्रेम लागतात, आणि त्या तीस दिवसांत वाटल्या तर रोज बत्तीस. हा अर्थात माझा त्रैराशिकाचा हिशेब आहे, परंतु कामाचे स्वरूप त्यावरून ध्यानात येते: प्रत्येक फ्रेमला हात लावावयाचा, पण तिपाई हलू द्यावयाची नाही, उजेड शक्य तितका सारखा राखावयाचा, घरातल्या माणसांनी कुंडीच्या वाटेने जावयाचे नाही. आणि याहूनही सूक्ष्म अडचण अशी की वेल वर चढणार हे ठाऊक असले तरी तो किती चढेल आणि कोणत्या बाजूला कलेल हे ठाऊक नसते, त्यामुळे अशा चित्रणात चौकटीच्या वरच्या भागात न उगवलेल्या वेलासाठी रिकामी जागा राखून ठेवणे भाग पडते. आरंभीचे दिवस पडद्याचा बराचसा भाग ओसाड दिसतो तो याच राखीव जागेमुळे. या राखीव जागेची आठवण वाचकाने मनात ठेवावी, कारण पुढे शतकभराने तिलाच निराळे महत्त्व प्राप्त झाले.

वेलाबरोबर कॅमेऱ्यानेही वर चढावे, ही कल्पना कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. ती अमलात आणण्याची चिकाटी मात्र अमेरिकेतल्या एका बँकेच्या नोकरीतल्या माणसाने दाखविली. जॉन ऑट हा पेशाने बँकेत आणि मनाने काचघरात राहणारा इसम. १९३०च्या दशकापासून छंद म्हणून वनस्पतींचे टाइमलॅप्स करता करता त्याने पुढे एक मोठे काचघरच उभारले, त्यात अनेक कॅमेरे मांडले, आणि वाढत्या रोपाच्या मागोमाग कॅमेरा आपोआप सरकत जाईल अशी विजेवर चालणारी यंत्रणा स्वतःच्या हाताने जुळविली. डिस्नेच्या 'सीक्रेट्स ऑफ लाइफ' (१९५६) या चित्रपटात त्याचे चित्रण आहे. या सद्गृहस्थाने एकदा आपल्या सगळ्या काचघराचेच, कॅमेऱ्यांसकट, टाइमलॅप्स केले, तेव्हा रोपे आणि यंत्रे दोन्ही एका तालात डोलताना दिसली म्हणतात. टाइमलॅप्समध्ये कॅमेऱ्याची चाल ही चैन नसून विषयाचीच गरज असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे प्रथम येथे दिसले.

या चालीचे गणित थोडे जवळून पाहावे. समजा, मीटरभर लांबीच्या रुळावरून कॅमेरा सरकवावयाचा आहे आणि पडद्यावर तो शॉट दहा सेकंद चालावयाचा आहे. सेकंदाला पंचवीस फ्रेमप्रमाणे २५० चित्रे झाली; म्हणजे दोन चित्रांच्या दरम्यान कॅमेरा चार मिलिमीटर सरकला पाहिजे, आणि चित्र घेतेवेळी पुन्हा निश्चल उभा राहिला पाहिजे. सरक, थांब, उघड, मीट, पुन्हा सरक. हे अडीचशे वेळा, आणि एकदाही पाच मिलिमीटर नाही की तीन नाही. एवढा इमानी नोकर यंत्राखेरीज दुसरा कोण मिळणार? तो मिळाला गणकयंत्राच्या कृपेने. जॉन व्हिटनी याने दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांची नेम धरणारी यंत्रणा उचलून ती चित्रणाच्या कामी जुंपली. पुढे १९७७च्या 'स्टार वॉर्स'साठी जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या हुकमतीत चालणारा असा कॅमेरा सिद्ध केला की जो एकच चाल कितीही वेळा तंतोतंत करून दाखवी. तेथे प्रयोजन नकली अंतराळयानांचे होते, परंतु पावलापावलाने सरकणारी ही मोटर टाइमलॅप्सवाल्यांना हवी तशीच होती.

तिचे सोने केले रॉन फ्रिकी याने. गॉडफ्री रेजियोच्या 'कोयानिस्कात्सी' (१९८२) या चित्रपटाचा छायालेखक म्हणून त्याने धावती शहरे आणि वाहते ढग दाखविले होते. त्यानंतर 'क्रोनोस' (१९८५) आणि 'बराका' (१९९२) या स्वतःच्या चित्रपटांत त्याने मोठ्या फितीचा कॅमेरा संगणकनियंत्रित चालीवर चढविला. आकाशात तारे फिरत आहेत, खाली खडक स्थिर आहेत, आणि त्या दोहोंच्या मधून आपण अतिशय संथपणे पुढे जात आहोत, असा जो अनुभव 'बराका' देतो तो त्यापूर्वीच्या फारच थोड्या चित्रांनी दिला असेल. पण या अनुभवाची किंमत मोठी होती. यंत्राचा पसारा रात्री डोंगरावर न्यावयाचा, चाल आधी बेतावयाची, आणि तासन्‌तास वाट पाहिल्यावर ढग भलत्याच बाजूने आले तर निमूटपणे आवराआवर करावयाची. निर्णय अद्यापही घटनेच्या आधीच घ्यावा लागत होता.

येथवरचा वृत्तांत रुळांचा आणि मोटरींचा झाला. डिजिटल चालीची वंशावळ मात्र, माझ्या मते, या शाखेत सापडत नाही. ती एका टेबलावर सापडते. ॲनिमेशनच्या कामासाठी टेबलावर सपाट चित्र ठेवून वरून उभा कॅमेरा लावण्याची पद्धत जुनी आहे. त्यात चित्र किंवा कॅमेरा फ्रेमगणिक थोडा थोडा सरकवला की निर्जीव चित्रावरून नजर फिरल्याचा भास होतो. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात कॉलिन लो आणि वुल्फ केनिग यांनी १९५७ साली 'सिटी ऑफ गोल्ड' हा लघुपट केला. डॉसन सिटी या गावी सोन्याच्या शोधात लोटलेल्या गर्दीची काचेवरची जुनी छायाचित्रे त्यांच्या हाती होती, आणि त्या स्थिर चित्रांवरून कॅमेरा असा फिरला पाहिजे होता की त्या गर्दीत आपणच धक्के खात चाललो आहोत असे वाटावे. हाताने फिरविलेली चाल कोठेतरी अडखळते, आणि अडखळली की छायाचित्र केवळ छायाचित्रच उरते. म्हणून त्यांचा सहकारी रोमन क्रॉयटर याने कॅमेऱ्याची चाल आखून देणारे एक साधनच तयार केले. हाच क्रॉयटर पुढे आयमॅक्सच्या संस्थापकांपैकी एक झाला. केन बर्न्स या माहितीपटकाराने हीच रीत अमेरिकेच्या घराघरांत पोहोचविली, आणि २००३ साली ॲपल कंपनीने आपल्या घरगुती संकलनाच्या प्रणालीत त्याच्याच नावाने ती एका बटणात बसविली. बटण झाल्यावर तिचे जे व्हावयाचे ते झाले. लग्नाच्या व्हिडिओपासून सोसायटीच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळी छायाचित्रे उगीचच पुढे-मागे सरकू लागली.

या टेबलाची आणि टाइमलॅप्सची गाठ पडली ती डिजिटल छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यामुळे. चित्रफितीऐवजी स्थिर छायाचित्रांची मालिकाच घ्यावयाची ठरली, तेव्हा असे लक्षात आले की २००८ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क २ सारख्या कॅमेऱ्याचे एकेक छायाचित्र ५६१६ पिक्सेल रुंद आणि ३७४४ पिक्सेल उंच असते, तर पूर्ण एचडी पडद्याला अवघे १९२० गुणिले १०८० लागतात. उरलेल्या शिलकेचे करावयाचे काय? मोठ्या छायाचित्राच्या आत एक लहान चौकट कल्पून ती फ्रेमगणिक सरकवावयाची. फाळक्यांच्या काळी वेलासाठी जी जागा ओसाड सोडावी लागे, तीच आता चौकटीच्या फिरण्याची मोकळीक झाली, आणि वेल कोणीकडे गेला हे पाहून झाल्यावर, घरी खुर्चीत बसून, त्याच्या मागे जाता येऊ लागले. पाहण्याचा निर्णय घटनेच्या आधीचा होता तो घटनेच्या नंतरचा झाला. रूळ, मोटर आणि रात्रीची हमाली यांतून सुटका झाली, चाल मात्र एवढ्याने सोपी झाली नाही.

पहिली ठेच चालीच्या दोन टोकांना लागते. आरंभीची आणि शेवटची जागा सांगितली की मधला प्रवास संगणक भरून देतो; या जागांना कीफ्रेम म्हणतात. परंतु एकाच वेगाने निघून एकाच वेगाने थांबणारी चौकट खुर्चीवरून ढकलून दिल्यासारखी वाटते, कारण वजन असलेली कोणतीही वस्तू अशी निघत नाही आणि थांबतही नाही. म्हणून वेगाचा आलेख वक्र करावा लागतो: हळूहळू उचलणारा, मध्ये सम राहणारा आणि शेवटी विरत जाणारा. त्यासाठी वापरला जाणारा वक्र मोटारींच्या कारखान्यांतून आलेला आहे. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारीच्या अंगाची वळणे गणिताने रेखाटण्यासाठी तो सिद्ध केला, आणि नाव राहिले ते बेझिए याचे. पत्र्याला डौल देणारे गणित नजरेलाही डौल देते, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरी ठेच अधिक चोरटी आहे, आणि चांगले व सामान्य काम तेथेच वेगळे पडते. टाइमलॅप्समध्ये चाल संथ असावी लागते. दहा सेकंदांत चौकट शंभर पिक्सेल सरकवावयाची ठरली, तर २५० फ्रेममध्ये प्रत्येकीच्या वाट्याला ०.४ पिक्सेल येतो. अपूर्णांकातला पिक्सेल पडद्यावर अस्तित्वात नसतो. प्रणालीने आकडे जवळच्या पूर्णांकात बसविले, तर एका फ्रेमला चौकट जागीच राहते, पुढच्या फ्रेमला एका पिक्सेलची उडी मारते, मग पुन्हा थांबते. विजेच्या तारा, खिडक्यांचे गज, दूरच्या इमारतींच्या कडा थरथरू लागतात, आणि पाहणाऱ्याला काय बिघडले ते सांगता येत नसले तरी डोळा शिणतो. यावर उपाय म्हणजे शेजारच्या पिक्सेलांचे रंग योग्य प्रमाणात मिसळून अर्ध्या-पाव पिक्सेलचे स्थान कल्पिणे. या मिसळणीची अनेक सूत्रे आहेत. त्यांतल्या एका नावाजलेल्या सूत्राला कॉर्नेलियस लँत्सोश या हंगेरियन गणितज्ञाचे नाव आहे. मिसळण झाली की चित्र किंचित मऊ पडते, हा त्याचा दंड. तो कमीत कमी भरावयाचा तर चाल मूळच्या मोठ्या छायाचित्रांवरच द्यावी आणि आकार लहान करण्याचे काम अखेरीस, एकदाच, करावे. आधी सगळे एचडीत आणून मग त्यात चौकट फिरविणारे लोक हा दंड दुप्पट भरतात आणि दोष कॅमेऱ्याला देतात.

उजेडाची लकलक हा या धंद्यातला जुना उपद्रव. भिंगातील पाकळ्या दर छायाचित्राला अगदी तेवढ्याच मिटतात असे नाही. तो केसभराचा फरक सलग चित्रांत झगमगीच्या रूपाने दिसतो, आणि चौकट चालू लागली की अधिकच जाचतो. ती झगमग चाल देण्यापूर्वीच निवडून काढलेली बरी.

तिसऱ्या अडचणीत भूमिती शिरते. रुंद भिंगाच्या छायाचित्रात कडेच्या वस्तू ताणलेल्या असतात. चौकट नुसती आडवी सरकविली तर त्या ताणासकट सरकते, आणि डोळ्यांपुढून भले मोठे पोस्टकार्ड ओढल्याचा भास होतो. खऱ्या कॅमेऱ्याची मान वळते तेव्हा मात्र मध्याशी आलेली वस्तू सरळ होते आणि कडेला गेलेली ताणली जाते. म्हणून जाणकार प्रणाल्या मूळ छायाचित्र एका काल्पनिक गोलाच्या आतल्या अंगावर पसरतात, आणि त्या गोलाच्या केंद्रात बसून आभासी कॅमेरा वळवितात. केलेली गोष्ट तीच, परंतु परिणामात जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

गोलात बसून मान वळविता येते, जागा सोडता येत नाही. कॅमेरा प्रत्यक्ष सरकला म्हणजे जवळचे झाड भराभर मागे जाते आणि दूरचा डोंगर जवळजवळ हलत नाही. 'बराका'तले ते पुढे जाणे या भेदावर उभे आहे, आणि एका जागी रोवलेल्या कॅमेऱ्याच्या छायाचित्रांत तो भेद मुळातच नोंदलेला नसतो. पावलापावलाने जागा बदलत छायाचित्रे घेऊन ती मागाहून संगणकाने स्थिर करावयाची, ही हायपरलॅप्सची वाट याच अडचणीतून निघाली. २०१४ साली इन्स्टाग्रामने तिची सोपी आवृत्ती फोनवर आणली, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी डोक्यावर बांधलेल्या कॅमेऱ्याच्या हेलकावणाऱ्या चित्रणातून संथ चाल काढून दाखविली. अलीकडे तर एकाच छायाचित्रावरून कोणती वस्तू किती दूर असेल याचा अंदाज संगणक बांधतो, झाड डोंगरापासून सोडवितो, आणि दोघांना निरनिराळ्या वेगाने सरकवितो. झाड सरकल्यावर त्याच्या मागे जी जागा उघडी पडते तेथे काय होते हे कॅमेऱ्याने पाहिलेले नसते; ते संगणक आसपासच्या रंगांवरून रचून भरतो.

चौकट फिरविणे आणि अशी जागा भरणे यांना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही. पहिल्यात कॅमेऱ्याने पाहिलेल्यापैकी काय दाखवावयाचे एवढीच निवड असते, दुसऱ्यात न पाहिलेल्याची भर पडते. जाहिरातीच्या फितीत त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु एखादा पूल उभा राहताना, एखादी जुनी चाळ पाडली जाताना किंवा हिमनदी मागे हटताना घेतलेले टाइमलॅप्स उद्या दस्तऐवज म्हणून दफ्तरात जाणार असते, आणि तेथे स्टार थिएटरच्या चित्राला आज जो मान आहे तोच त्यांना मिळावा अशी अपेक्षा असते. अशा कामात चाल कितीही देखणी दिली, तरी मूळची स्थिर छायाचित्रे, त्यांच्या वेळेच्या नोंदींसह, जशीच्या तशी जपून ठेवणे आणि तयार फितीबरोबर ती दाखल करणे हाच सरळ व्यवहार. म्हणजे कोणाला रुजुवात घ्यावयाची झाली तर चौकट काढून टाकून संपूर्ण चित्र पुन्हा पाहता येते, आणि दुसऱ्या कोणाला वाटले तर त्यातून निराळी चालही बेतता येते.